न झोंबणारं तेल

मधुसूदन गिजऱ्यांच्या छातीत कळ आली ती डिसेंबरातल्या एका धुक्याच्या सकाळी, स्कूटरला किक मारताना. वसाहतीतल्या लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं. तीन दिवसांनी डॉक्टरांनी घरी सोडलं आणि बजावलं की या वेळी निभावलं, पुढच्या वेळची हमी नाही. वनस्पती तूप बंद, पुरी-कचोरी बंद, मैदा बंद. मधुसूदन नुसते मान हलवत होते. ऐकत होती ती त्यांची बायको, प्रतिमा. पुढच्या वेळची हमी नाही, एवढं एकच वाक्य ती तिथून घरी घेऊन आली.

लखनौच्या विकास नगरात बँकेच्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड होतं. बदलीमुळे कराड सोडून नऊ वर्षं झाली होती. मुलगी पूर्वा अकरावीला. तिला मराठी सगळं समजायचं, पण जीभ हिंदीतच वळायची. पगार एक, पूर्वाच्या क्लासचा खर्च मोठा, त्यात आता औषधं. दुकानात ‘हृदयासाठी उत्तम’ म्हणून लिहिलेले डबे असत. प्रतिमा ते उचलून किंमत बघून परत जागेवर ठेवी. मग तिने ठरवलं, डब्यातलं परवडत नाही ना, मग जमिनीतलं आणू. आपल्या आज्या-पणज्यांनी तरी काय खाल्लं होतं?

आणि ती हात धुऊन मागे लागली. गहू स्वतः निवडून चक्कीवर न्यायची, आणि कोंडा चाळायचा नाही हे चक्कीवाल्याला दरवेळी नव्याने पटवायची. साखरेच्या जागी गूळ आला. बिस्किटं गेली, भाजलेले चणे आणि सत्तू आले. मंडईत संध्याकाळी बाजार उठता उठता बथुआची, म्हणजे आपल्या चाकवताची, मोठी जुडी स्वस्तात मिळते हे तिला शेजारच्या यमुना शुक्लांनी, सगळ्यांच्या शुक्लाइननी, शिकवलं. त्या भाजीला तिने आपली लसणाची फोडणी आणि डाळीचं पीठ दिलं, तेव्हा शुक्लाइन चाखून म्हणाल्या, आमच्या सागची तुम्ही पातळभाजी करून टाकलीत, पण आहे छान.

मधुसूदन चेष्टा करायचे. कोंड्याची पोळी हातात धरून म्हणायचे, “अहो बाई, मी बँकेत जातो. औताला नाही जात.”

“जाऊन बघा एकदा औताला,” ती म्हणायची, “छातीत कळ येते का ते बघा.”

पण खायचे मात्र सगळं. मार्चमध्ये रक्त तपासलं. डॉक्टरांनी आधीचा कागद आणि हा कागद शेजारी शेजारी ठेवला आणि विचारलं की नवीन गोळी कोणती चालू केली. मधुसूदननी बायकोकडे बोट दाखवलं. प्रतिमाच्या नऊ वर्षांच्या लखनौमधला तो सगळ्यात चांगला दिवस. येताना दोघं गोमतीच्या पुलावर स्कूटर थांबवून उगाच उभी राहिली, एक काकडी दोघांत खाल्ली आणि घरी आली.

राहता राहिलं तेल.

घरात खायचं ते करडईचं किंवा शेंगदाण्याचं, जन्मापासूनचं. इथे ते सहज मिळेना, मिळालं तर महाग. इथला माणूस मोहरीच्या तेलावर वाढलेला, पण त्या तेलाचा वास गिजऱ्यांच्या घराला नऊ वर्षांत झेपला नव्हता. कढईत तापलं की डोळ्यांतून पाणी, घशात ठसका. शुक्लाइन म्हणायच्या, धूर निघेपर्यंत तापवा, मग निववा, मग वापरा. प्रतिमाने दोनदा करून पाहिलं आणि दोन्ही वेळा मधुसूदन जेवताना खोकले. त्या खोकल्याने तिच्याच छातीत धडधडलं. तो नाद तिने सोडला.

मे महिन्यात तिला वसाहतीच्या मागच्या रस्त्याला एक कोल्हू सापडला. कोल्हू म्हणजे आपला घाणाच. डोळ्यांदेखत मोहरी आत, खाली तेल. ना डबा, ना रसायन. तिने बोटावर एक थेंब घेऊन जिभेला लावला. जीभ चुरचुरली नाही. घरी आणून तापवलं, डोळ्यांना पाणी नाही. आमटीला फोडणी दिली, मधुसूदन न खोकता जेवले आणि म्हणाले, हे तेल कराडहून आलं का? तिला आभाळ ठेंगणं झालं. पिशवीतल्या तेलापेक्षा स्वस्त, ताजं, घाण्याचं, आणि आपल्या माणसाला सोसणारं.

शुक्लाइननी बाटली नाकाशी धरून बघितली होती. इथल्या बायका मोहरीच्या तेलाच्या झोंबरेपणाला झार म्हणतात आणि तेल त्यावरूनच पारखतात. “इसमें तो झार ही नहीं है, भाभीजी,” त्या म्हणाल्या.

प्रतिमा हसली. म्हणाली, म्हणून तर हे घेते.

जुलै संपता संपता मधुसूदनच्या पायांवर सूज आली. मोजे काढले की घोट्याच्या वर खोल खाच राही. पाय लालसर आणि गरम लागत, जिना चढताना दम लागे. प्रतिमा त्यांना घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेली. हृदयाचा रोगी, पाय सुजलेले, दम लागतोय. डॉक्टरांना वेगळं काही शोधायचं कारणच दिसलं नाही. लघवीच्या गोळ्या दिल्या, मीठ तोडलं. प्रतिमाने घरी येऊन पथ्य आणखी कडक केलं. बाहेरचा चहासुद्धा बंद. सकाळचा डबा, संध्याकाळचं जेवण, सगळं तिच्या हातचं. आणि रोज संध्याकाळी ती तेल कोमट करून त्यांच्या पोटऱ्यांना हलक्या हाताने चोळायची. तेल तेच. त्यांना बरं वाटायचं.

याच दिवसांत तिचेही पाय सुजले. चपलेचा पट्टा लागेना. उकाडा आहे, दिवसभर ओट्यापुढे उभी असते, म्हणून तिने स्वतःची समजूत घातली आणि साडी दोन बोटं खाली नेसायला लागली. घरात एक माणूस आजारी असताना दुसऱ्याने आपलं दुखणं काढायचं नसतं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, पण तिच्या माहेरी-सासरी सगळ्या बायका तशाच वागत आल्या होत्या. पूर्वा एकदा म्हणाली, “आई, मेरे सैंडल टाइट हो गए हैं।” प्रतिमा म्हणाली की वाढतं वय आहे, महिनाअखेर नवे घेऊ.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मधुसूदनना पाठीवर आडवं होता येईना. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा. मोठ्या इस्पितळात भरती केलं. तिथे वॉर्डात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला, सोडला, खड्ड्याकडे बघत राहिली. मग तिने प्रतिमाला विचारलं, घरात आणखी कोणाचे पाय सुजलेत का?

तो प्रश्न प्रतिमाला महिनाभरात कोणी विचारला नव्हता, आणि तिने आपण होऊन सांगितलं नव्हतं. तिने साडी वीतभर वर उचलली. डॉक्टरीण खाली वाकली, बघून उभी राहिली, आणि तिचा पुढचा प्रश्न होता की घरात तेल कोणतं वापरता.

दिल्लीहून त्या दिवसांत भेसळीच्या तेलाने पाय सुजून माणसं दगावल्याच्या बातम्या येत होत्या. पिवळा धोतरा म्हणून रानात एक काटेरी झाड असतं, इकडे त्याला सत्यानाशी म्हणतात. त्याचं बी मोहरीत मिसळलं तर वेगळं काढणं अवघड. त्याच्या तेलाला झार नसते. डॉक्टरणीने पूर्वाला घरी पाठवून बाटली मागवली. प्रयोगशाळेत तेलात आम्लाचे थेंब टाकले तेव्हा ते तांबूस-तपकिरी झालं. प्रतिमा दारातून बघत होती. तिला कोणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

कोल्हूवाल्याकडे पोलीस गेले. त्याची म्हातारी आई सुजल्या पायांनी खाटेवर पडली होती. त्याने स्वतः मिसळलं, की मोहरी घेतानाच फसला, हे कधीच नीट कळलं नाही. प्रतिमाला कोणावर तरी संतापायचं होतं. त्या खाटेबद्दल ऐकल्यावर तेही जमेना.

तेल बंद झाल्यावर प्रतिमाची आणि पूर्वाची सूज हळूहळू उतरू लागली. सकाळच्या पोळ्यांना, डब्याला, रात्रीच्या भाजीला, सगळ्यात जास्त तेल ज्यांच्या पोटात गेलं होतं आणि ज्यांचं हृदय आधीच दुबळं होतं, त्यांची उतरली नाही. शेवटच्या दिवशी दुपारी मधुसूदन शुद्धीवर होते. तिने त्यांना सांगितलं, तेल मी आणलं होतं.

ते दम घेत घेत म्हणाले, “खाल्लं मी ना? मला आवडलं होतं.”

संध्याकाळी पाचला ते गेले.

कराडहून धाकटे दीर शरद आले. दिवस त्यांनीच केले. त्यांनीच ठरवलं की आईला हार्ट अटॅक एवढंच सांगायचं. सासूबाई, लीलावतीबाई, चौऱ्याहत्तरीच्या, गुडघ्यांनी अधू. त्यांना कशाला हे विष? प्रतिमा हो म्हणाली. पण महिन्याने सासूबाईंचं पत्र आलं. हलत्या अक्षरात त्यांनी लिहिलं होतं, की पहिल्या दुखण्यातून तू त्याला तुझ्या हातच्या अन्नावर आठ महिने जगवलंस, मी आई असून माझ्याने झालं नसतं, तुझे उपकार आहेत.

प्रतिमाने ते पत्र चार दिवस उघडलं आणि मिटलं. पाचव्या दिवशी तिने उत्तर लिहिलं. कोल्हू, तेल, शुक्लाइन काय म्हणाल्या ते, मीठ तोडलं ते, पाय चोळले ते, स्वतःचे पाय झाकले ते. काही गाळलं नाही. टपालाच्या पेटीत टाकताना हात थांबला, पण उपकाराचं ओझं तिला पेलण्यासारखं नव्हतं.

उत्तर आलं नाही. नोव्हेंबरमध्ये सासूबाईच आल्या. शरदनी त्यांना चारबाग स्टेशनवर गाडीतून जवळजवळ उचलून उतरवलं. घरात आल्यावर त्यांनी पूर्वाला कुशीत घेतलं, मुलाच्या फोटोपुढे बसल्या, रडल्या. प्रतिमाच्या डोक्यावरून हातही फिरवला. पत्राचं नाव काढलं नाही.

पहिल्या दिवशी प्रतिमाने त्यांच्यासमोर तेलाच्या नव्या डब्याचं सील फोडून आमटी केली. सासूबाई म्हणाल्या, आज माझा उपास आहे. केळं खाल्लं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, प्रवासाने पोट बिघडलंय. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या भिंतीला धरत स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि पदर कमरेला खोचला.

“आजपासून माझं मी करून घेईन,” त्या म्हणाल्या. “तुम्हा दोघींचंही टाकते. तू जा, बस जरा.”

शरद बाहेरच्या खोलीतून घाईने म्हणाले, “वहिनी, आईला कामाची सवय आहे हो. तिला रिकामं बसवत नाही.”

प्रतिमाने हिंगाची डबी कुठे, तांदूळ कुठे, गॅस कसा लागतो, एवढं दाखवलं आणि ती आतल्या खोलीत जाऊन बसली. गुडघ्यांनी अधू म्हातारी ओट्याला टेकून उभी होती, मधूनमधून कण्हत होती. पूर्वा आईजवळ येऊन बसली. ती सगळं समजून होती.

“आई, मैं तो तुम्हारे हाथ का ही खाऊँगी,” ती हळूच म्हणाली.

“खा आजीच्या हातचं,” प्रतिमा म्हणाली. “तिचा मुलगा गेलाय.”

पानं मांडली गेली. सासूबाईंनी आधी शरदला आणि पूर्वाला वाढलं, मग प्रतिमाला, मग स्वतःला. प्रतिमाने मान खाली घालून पानातलं सगळं संपवलं, आणि अजून वाढू का असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा तिने ताट पुढे केलं.