महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांतली कपाशी

परभणीला कृषी शाखेच्या शेवटच्या वर्षाला होतो, तेव्हा आमच्या सरांनी ठरवलं की पोरांनी नुसती फळ्यावरची कपाशी बघून भागायचं नाही. त्यांनी जिंतूरच्या एका बियाणे व्यापाऱ्याला गाठलं. त्यांना सगळे आप्पा म्हणत. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती आणि बोलणं मोजकं. संकरित कपाशी तेव्हा नवीनच होती. आप्पांनी बोरीच्या अलीकडच्या एका गावात, एका शेतकऱ्याच्या रानात तिच्या बियाण्याचा प्लॉट धरला होता आणि देखरेखीला शिकलेली माणसं हवी होती. सरांनी मला आणि माझ्या खोलीतल्या मित्राला पाठवलं. प्लॉट नीट निघाला तर एकाला कायमची नोकरी, असं आप्पांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

मला घाई नव्हती, घरची शेती होती. मित्राला मात्र ती नोकरी हवीच होती. तो प्लॉट होता त्याच गावच्या बौद्ध वस्तीतला. वडील नव्हते, आई रोजानं निंदायला जाई, बहिणी अजून शाळेत होत्या.

काम असं की उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची, अंगठ्याच्या नखानं सोलून आतले पुंकेसर काढायचे, वर लाल कागद लावायचा आणि सकाळी दुसऱ्या वाणाचं फूल आणून तिच्यावर फिरवायचं. कळी राहून गेली तर ती आपली आपणच फळते आणि ते बोंड बियाण्यातून बाद. मित्रानं यासाठी नख वाढवलं होतं. हॉस्टेलवर आम्ही त्याला नवरीबाई म्हणायचो. तो हसायचा आणि नख घासत बसायचा. माझ्या हातून निम्म्या कळ्यांचा गळाच कापला जाई. त्याच्या हातून एक वाया गेलेली मी पाहिली नाही, आणि याचा मला रागही यायचा.

प्लॉट ऐन भरात आला आणि कळ्या सोलायला रोजानं येणाऱ्या गावातल्या बायांनी सांगितलं, महालक्ष्म्यांचे तीन दिवस आमी येणार न्हाई. शेतमालकानं मान डोलावली, त्याच्याही घरी लक्ष्म्या बसायच्या. आम्ही दोघं, सर आणि आप्पा, इतकी शहाणी माणसं, पण लागवडीच्या वेळी कोणी पंचांग उघडून बघितलं नव्हतं. तीन दिवस कळ्या तशाच फळल्या तर एवढ्या बोंडांतून चांगलं वेगळं कोण काढणार? मी पंचांगापासून सरांपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. मित्र मालकाकडं गेला आणि म्हणाला, वस्तीतल्या बाया आणतो. धर्मांतरापासून त्यांच्याकडं लक्ष्म्या बसत नव्हत्या, त्या मोकळ्या होत्या.

मालक म्हणाला, फुलाचं काम नाजूक, त्या बायांचा हात निंदणीचा. खरं कारण नाजूकपणाचं नव्हतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. पण दुसरा इलाज नव्हता, तेव्हा सणापुरतं म्हणून तो कबूल झाला.

मित्रानं त्यांना सरळ कपाशीत घातलं नाही. भेंडीचं फूल कपाशीच्याच घडणीचं असतं. त्यानं आईसह सगळ्यांना वस्तीमागच्या भेंडीपाशी बसवलं आणि कळ्या सोलायला लावल्या. कोणाची बिघडली तर स्वतः पुन्हा सोलून दाखवायचा, आवाज न चढवता. एवढे प्राध्यापक ऐकले, पण शिकवणं म्हणजे काय ते मला त्या भेंडीच्या वाफ्यात कळलं. दुपारी बाया प्लॉटमध्ये उतरल्या आणि तीन दिवस लाल कागद ओळीनं चढत गेले.

तिसऱ्या दिवशी आप्पा आले. चेहरा पडलेला होता, नुकसान बघायलाच आले होते. बांधावरून आत उतरून प्लॉटभर फिरले, कळ्या उलगडून पाहिल्या, मग मित्राच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, नोकरी तुझी. मला मनापासून आनंद झाला. मालक लगेच म्हणाला की उद्यापासून नेहमीच्या बाया येतील, ह्यांनी आता जावं.

मित्र म्हणाला, "मग उद्यापासून मी बी न्हाई, आप्पा. प्लॉट वाढवायला हात कमी पडायलेत म्हणून तुमीच म्हणत होतात. ह्या बायाबी राहतील, तर मी राहतो."

आप्पांनी लाल कागदांच्या ओळींवरून एकदा नजर फिरवली. मग मालकाला म्हणाले की दोन्हीकडच्या बाया लागतील, आणि रोजाचे पैसे सगळ्यांना सारखेच. मालकाला ते मानावं लागलं. प्लॉट त्याच्या रानात असला तरी बियाणं आप्पांचं होतं.

आप्पांची जीप गेल्यावर आई त्याच्या अंगावर आली. एवढी मेहनत करून शिकवला, बहिणींची लग्नं व्हायचीत.

"आमच्यापायी हातची नोकरी घालवायलास का रे?"

"माय, तुमी आलाच नसतात तर ती कुठली मिळायला होती?"

पदर खोचून ती पुढच्या ओळीत शिरली, आणि राहिलेल्या कळ्या सोलायला तो तिच्या शेजारी बसला.