मागच्या स्पीकरची तार

आयुष्यभर बोटीच्या इंजिनाशेजारी उभं राहून विनेश तांडेलाचे कान जड झाले होते. म्हणून बोट धाकट्या भावाच्या हवाली केल्यावर त्याने पहिली हौस केली ती होम थिएटरची. भरडखोलच्या घरात मोठा पडदा लागला. पुढे तीन स्पीकर, मागे दोन.

अडलं ते मागच्यांपाशी. तार खालून न्यायची तर नवी लादी फोडावी लागणार, आणि त्याची आई जनी लादीवर फतकल मारून बसली. "आधी मला फोड, मंग लादी!"

शेवटी तार भिंतीवर चढली, छताच्या कडेने, दारांवरून वळसे घेत मागे पोचली. दिसू नये म्हणून विनेशने बारीक तार निवडली होती. मागचे स्पीकर बोलले, पण पडशाने नाक चोंदल्यासारखे.

"स्पीकरच बाद हायत," म्हणत तो ते घेऊन म्हसळ्याला चिरागच्या दुकानात गेला. चिरागने तिथे लावले तर कपाटाच्या काचा थरथरल्या.

"दादा, घरी तार केवढी लांब आहे?"

"घरभर फिरून गेलीय."

"मग जाड पाहिजे. लांब तारेत आवाजाचा जोर वाटेतच जिरतो. आणि ही ॲल्युमिनियमची आहे, वर नुसता तांब्याचा मुलामा. अस्सल तांब्याची न्या, अडीच एमएमची."

विनेशला पटलं. जरा जास्तच पटलं. अडीचने भागतं तर दहाने बहारच येईल, म्हणून त्याने दहाची घेतली. घरी ती स्पीकरमागच्या भोकात शिरेचना. तो घाम गाळत राहिला, जनी हसत राहिली. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने अडीचची आली.

दुपारच्या सिनेमात वादळ झालं. मागून असा गडगडाट उठला की विनेश खुर्चीतून उडालाच. तेवढ्यात अंगणात आरडाओरडा. तो धावत गेला. जनीने वाळत घातलेले बोंबील ओरबाडून पदरात भरले होते, शेजारच्या मैनाकाकीने सुकट गोळा केली होती, आणि दोघी लख्ख उन्हात आभाळाकडे बघत होत्या.

"मुडद्या, तुझा सिनेमा व्हय!" जनी कडाडली.

विनेशने निमूट शिव्या खाल्ल्या, बोंबील परत वाळत घातले. हसू मात्र दाबता येईना. "दोघींनापण खराच वाटला ना?"

हल्ली मैनाकाकी सुकट पसरायच्या आधी त्याच्या दारात येऊन विचारते, "आज मारामारीचा हाय का पावसाचा?"