सूपभर ज्वारीला घेतलेली पोर

त्या काळी हिंगोलीला रूळ संपायचे. पूर्णेकडून गाडी यायची, जरा दम खायची आणि आल्या वाटेनं परत जायची. त्या गाडीत आम्ही बसलो होतो: माय, बा, थोरला भाऊ नामदेव आणि मी, शिवाय मुंबईपर्यंत पोचवायला काका. जायचं होतं आफ्रिकेला, मोंबासाला. बा सुतार. आधी एकटा तिकडं राहून आला होता, आता बिऱ्हाड न्यायला आला होता. खिडकीशी आमच्या गल्लीतली बांगडीवाली जुलेखाबी उभी होती. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत बांगड्यांनी भरून ती म्हणाली, "फुटल्या तर रडू नको गं. परत आली की भरते." मला कसलं काय! मी बोटीच्या नादात होते.

हे लिहितेय ते गल्लीत राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी, आणि माझ्यासारखं पाणी ओलांडून आलेल्यांसाठीही. मागून तुम्ही काहीबाही बोलता, ते इथवर येतं. कुणी म्हणतं बानं पोरीला टाकलं, कुणी म्हणतं मायला मुलगाच हवा होता. पुरे झालं. आता माझं ऐका.

नामदेवाच्या पाठीवर मायचं एकही लेकरू जगलं नाही. मी झाले तेव्हा ती भेदरून गेली होती. मग आपल्याकडं करतात तेच केलं, मला विकून टाकलं. जुलेखाबीचे पाचही मुलगे धडधाकट, म्हणून तिलाच विकलं. तिनं मायच्या ओटीत सूपभर ज्वारी ओतली आणि मला उचललं. नाव ठेवलं दगडा. मग मला मायकडंच दिलं, पण नुसतं सांभाळायला, पोर जुलेखाबीची. तेव्हापासून घरात मला कुणी 'माझी' म्हणायचं नाही. सटवी ऐकेल, नजर लागेल! बाजारात कुणी विचारलं, "का गं बाई, ही पोरगी कुणाची?" की माय पटकन म्हणायची, "बांगडीवाल्या जुलेखाबीची." म्हणायची आणि माझ्या केसांतून हात फिरवायची.

परदेशी जायच्या अर्जात मुलांची नावं विचारली होती. बानं एकट्या नामदेवाचं नाव दिलं. लबाडी नव्हती हो ती. माझं नाव आपल्या मुलांत लिहिलं तर पोर हातची जाईल, असं त्या माणसाला मनापासून वाटत होतं. आईचं बोट धरून चाललेल्या लेकराला कोण अडवतंय, हाही हिशेब असणारच.

मुंबईच्या धक्क्यावर अडवलंच. मेजामागचा साहेब कागद बघून म्हणाला, ह्यात एकच मुलगा आहे. मग माझ्याकडं बोट करून त्यानं मायला विचारलं, ही कुणाची?

मायच्या तोंडून निघून गेलं, "जुलेखाबीची."

अगं माय माझी! इतकी वर्षं जे बोलून मला जगवलं, तेच बोलली. लगेच भानावर आली, "न्हाई हो साहेब, माझीच हाय, पोटची हाय," म्हणून हातापाया पडली. पण पहिलं उत्तर साहेबानं लिहून घेतलं होतं. वर दुसऱ्याची पोर पळवताय म्हणून दम भरला.

माय जायला तयार नव्हती. पण बाची नोकरी जाणार होती, तिकिटं निघालेली. पोचवायला आलेला काका म्हणाला, "वैनी, तुमी जा. कागद बराबर झाला की दुसऱ्या बोटीनं इला पाठवतो." बोट हलली तेव्हा मी काकाच्या खांद्यावर बसून मायला दिसाव्यात म्हणून बांगड्या नाचवत होते. बोट लांब गेली तेव्हा कुठं कळलं, आणि मग असं भोकाड पसरलं की धक्क्यावरचे हमाल जमले.

बानं मोंबासाला अर्ज केला. तिथला अधिकारी म्हणाला, आधी एकच मूल सांगितलंत, बायकोनं पोर दुसरीची सांगितली, आता म्हणता आमची. कशावर विश्वास ठेवायचा? त्या बाईनं सरकारपुढं शपथेवर सांगावं की पोर तिची नाही, मग बघू. तोवर लढाई पेटली आणि बोटी बंद झाल्या.

मी रडत वाढले असं समजू नका. जेवायला-निजायला काकूकडं आणि उरलेला दिवस जुलेखाबीच्या दुकानात. औंढ्याच्या जत्रेत तिच्याबरोबर बसायचे. बाईचा पंजा नुसता दाबला की कुठली बांगडी चढेल ते सांगायचे. पाच पोरांच्या त्या घरात बांगड्या भरायला मनगट असं माझंच, त्यामुळे लाडाला तोटा नव्हता. पण मायचा चेहरा विसरत चालला होता, त्याची फार भीती वाटायची.

लढाई संपली, बाचं पत्र आलं: जुलेखाबीचा जबाब तहसिलीत लिहून घ्या. जुलेखाबी मात्र तहसिलीत जायचं टाळू लागली. आज गिऱ्हाईक आहे, उद्या गुडघा दुखतोय. शेवटी मला म्हणाली, "मी तोंडानं माझी न्हाई म्हनलं आन् तुला काही झालं तर?" ती खरंच घाबरली होती. मी म्हटलं, "बी, मी दगडा हाय. काय होतंय मला? म्हण तू."

त्या वेळी कचेरी उर्दूतच चालायची; तहसीलदारानं उर्दूत विचारलं. तिनं एका दमात सांगितलं, "लिवा साहेब. सूपभर ज्वारी देऊन घेतली, पर पोटची न्हाई. सुताराच्या बायकोची हाय." अंगठा उठवला, बाहेर येऊन लिंबाखाली बसली आणि ढसाढसा रडली. काका समजूत घालायला गेला, "बी, आता सौदा मिटला. तुमची सूपभर ज्वारी आणून देतो."

तशी ती उसळली, "खबरदार! ज्वारी घेतली म्हंजी पोर परत देली आसं व्हईल. कागद सरकारचा हाय. सौदा माझा हाय."

मोंबासाला उतरले तेव्हा तिथल्या साहेबानंही मायला तेच विचारलं. माय सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "माझी! माझी हाय ही!" असं हक्कानं म्हटलेलं जन्मात पहिल्यांदा ऐकलं मी ते. तिचा चेहरा मी विसरले नव्हते, बघताक्षणी ओळखला.

आता इथं माझं स्वतःचं बांगड्यांचं दुकान आहे. स्वाहिली फडाफडा बोलते, ज्वारीला मटामा म्हणते, तिच्या भाकरी जिकोवर, म्हणजे कोळशाच्या शेगडीवर, भाजते. माय थकलीय, मागचं विसरते, पण देशाकडं कुणी निघालं की अजून उठते. सूपभर मटामा पाखडते, फडक्यात बांधते आणि म्हणते, "जुलेखाबीची फेड तेवढी राहिली गं, पाठवून दे." मी हो म्हणते. ती झोपली की गाठोडं सोडते आणि ज्वारी पुन्हा डब्यात ओतते. हिंगोलीत एक घर आहे माझं, ते मी फेडून टाकू देणार नाही.