मामंजींच्या मूत्रपिंडाचा फोटो

तुमचे पणजोबा, म्हणजे माझे सासरे, फोपनारच्या आपल्या केळीच्या मळ्यात दिवसभर उभे असत. अंगाने इतके सडपातळ, की सदरा खुंटीला टांगल्यासारखा लोंबे. एका हिवाळ्यात त्यांची डावी कूस दुखू लागली. बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, डावं मूत्रपिंड मोठं दिसतंय. आत गाठ असली तर ते काढावं लागेल.

तेव्हा आमची राजधानी नागपूर होती, भोपाळ नंतर आलं. म्हणून मोठा दवाखानाही नागपूरचाच. यांना कचेरीतून सुटी मिळेना, आणि तिथले डॉक्टर इंग्रजीत बोलतील म्हणून मामंजींबरोबर इंग्रजी शिकलेल्या मला पाठवलं.

सकाळी काही खायचं नाही, असं बजावलेलं होतं. तरी पहिल्या फोटोत पोटभर वायूचे काळे फुगे, आणि मूत्रपिंड त्यांच्याआड गडप.

"बाबा, काय खाल्लंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नाही, साहेब. पाणीबी नाही."

मी पिशवी उघडली. आत केळ्यांची नुसती सालं.

"मामंजी, हे काय?"

"सूनबाई, केळं काय खाण्यात धरतात? घरचं आहे ते!"

डॉक्टर हसले, एरंडेल लिहून दिलं आणि दुसऱ्या दिवशी बोलावलं. धर्मशाळेत मामंजींनी एरंडेल पिऊन पेला पालथा घातला. मग म्हणाले, "एकावर मळा होईल का गं?"

"माणूस एका मूत्रपिंडावर छान जगतो. मी वाचलंय."

"तू वाचलंय. उन्हात उभं मला राहायचंय."



दुसऱ्या दिवशी त्यांच्या दंडात औषध टोचलं आणि पुन्हा फोटो काढले. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली. औषधामुळे मूत्रपिंडातल्या नळ्या पांढऱ्या उठल्या होत्या, झाडाच्या फांद्यांसारख्या. फोटोतलं डॉक्टर इंग्रजीत सांगत गेले, मी मराठीत करत गेले. गाठ असती तर तिने एखादी फांदी एका बाजूला रेटली असती. इथे सगळ्याच फांद्या सारख्या बारीक आणि लांब झाल्या होत्या, कारण मधल्या जागेत काळसर दिसत होती ती चरबी.

"चरबी? माझ्यात?" मामंजींनी सदरा वर करून बरगड्या दाखवल्या. "साहेब, कोण्या शेटजीचा फोटो तर नाही ना आला?"

"तुमचाच आहे, बाबा. काहींना तिथे साठते, त्रास देत नाही. दुखतेय ती पाठ. महिनाभर ओझी उचलू नका. कापायचं काही नाही."

परतीच्या गाडीत त्यांनी समोर बसलेल्या प्रत्येकाला आपली चरबी ऐकवली. घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या, पदराचं टोक मुठीत धरून.

"कापायचं नाही!" मामंजी टांग्यातूनच ओरडले. "आत गाठ नाही, चरबी आहे!"



"तरीच!" सासूबाई म्हणाल्या. "एवढं तूप वाढते मी, जाते कुठं म्हणत होते." आणि डोळे पुसत चुलीकडे गेल्या.