वाजवून पाहिलेलं ‘काही नाही’

माझी बायको मंदा माठ असा वाजवून घेते, की कुंभाराला घाम फुटतो. तिची आई गेल्यापासून तिला झोप नाही. म्हणून मनाला आधार देणारं एआय ॲप निवडायला बसली, तेही वाजवूनच. “कसं वाटतंय?” असं विचारणाऱ्या प्रत्येक ॲपला तिचं एकच उत्तर, “काही नाही.”

पहिलं ॲप म्हणालं, “छान!” ते गेलं. माणसाचा तडाही आवाजातच कळतो, पण ऐकणारा हवा. मंदाने दुसरं ॲप उघडलं, माझा जीव टांगणीला.

दुसऱ्याने विचारलं, “घरात कुणाशी बोलता येतं?”

“लिही, नवरा आहे. गावभर गप्पा मारतो,” मी सांगितलं.

“तो ऐकतो का?” ॲपचा पुढचा प्रश्न.

“लिही, ऐकतो,” म्हणालो, आणि जन्मात पहिल्यांदा गप्प बसलो. तिने मोबाइल पालथा ठेवला आणि माझ्याकडे वळून बोलू लागली.