पंचपाळ्यातल्या लिपस्टिकी

माझ्याकडे एकोणीस लिपस्टिकी होत्या हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी तोंडाला पदर लावायला नको. सगळ्या काही नव्या नव्हत्या. निम्म्या बुडाला गेलेल्या, काडीनं टोकरून लावायच्या, दोन लग्नात आलेल्या, एक नणंदेनं नको म्हणून दिलेली, आणि बाकीच्या इथल्या, चंडीगडच्या बाजारातल्या, रेहडीवरच्या, म्हणजे हातगाडीवरच्या. आम्हाला चंडीमंदिरच्या फौजी छावणीत क्वार्टर मिळालं तेव्हा मला हिंदी येत नव्हतं, आणि लिपस्टिक घ्यायला हिंदी लागत नाही, बोट दाखवलं की झालं. भाजीवाला शंभर प्रश्न विचारायचा.

तर या एकोणीस नळ्या बुटाच्या खोक्यात, खोकं कपाटात, आणि कपाट एकच. त्यातले तीन कप्पे यांच्या वर्दीचे, पट्ट्यांचे, पॉलिशच्या डब्यांचे. फौजेत माणसापेक्षा बुटाला जास्त जागा लागते. एक कप्पा पोरीचा, एक माझा. एक दिवस हे म्हणाले, "आई येतेय. तुझा कप्पा रिकामा कर."

"किती दिवस?"

"महिनाभर. आणि जाताना पोरीला घेऊन जाते म्हणतेय, साताऱ्याला. तू जरा मोठी झालीस की, म्हणजे ती मोठी झाली की, परत आणू."

चुकून बोललो म्हणाले. मला नाही वाटत चुकून.

पण त्यांना तरी काय बोलणार, केलं मीच होतं. पोरगी दीड वर्षाची, आणि मी तिला घाबरायचे. ती शिंकली की गावाला फोन, शी हिरवी झाली की फोन, गॅलरीत माकड आलं की फोन, जसं काही सासूबाई साताऱ्याहून माकड हाकलणार होत्या. दहावीला गणितात राहिलेली मी, औषधाच्या झाकणावरच्या रेघा तीनतीनदा मोजायचे. आत्यांनी, सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात, शेवटी ठरवलं की हिच्याच्यानं पोर सांभाळणं व्हायचं नाही. मलाही तसंच वाटायचं. पण पोरगी गेली आणि तिकडे त्यांनाच आई म्हणायला लागली तर मी काय करू, या विचारानं मला जेवण जाईना.

म्हणून ठरवलं, एकही चूक दिसू द्यायची नाही. पहिलं ते खोकं. फोनवर एक बाई लिपस्टिकी वितळवून एकाच डबीत ओतून दाखवत होती, छोट्या छोट्या कप्प्यांची डबी. तसली डबी माझ्याकडे कुठली? होतं ते रुखवतात आलेलं पंचपाळं, हळदीकुंकवाचं, पाच वाट्यांचं, वर झाकण. इथे वर्षभरात त्यात चिमूटभर कुंकूसुद्धा पडलं नव्हतं. म्हणलं, देवा, तुझं काही अडलेलं नाही, माझं अडलंय.

पोरगी झोपल्यावर गॅस बारीक करून चमच्यात एकेक वितळवली. वर खोबरेल दोन थेंब. घरभर वास, मेणाच्या खडूवर कुणी अत्तर सांडल्यासारखा. लाल एका वाटीत, मरून एकीत, गुलाबी, मातकट, आणि पाचवीत ती पिवळट केशरी, जी लावली की मला कावीळ झाल्यासारखं दिसायचं. फ्रिजमध्ये ठेवून घट्ट केलं. अख्खं खोकं एका पंचपाळ्यात बसलं. मी ते आरशाखालच्या फळीवर ठेवलं आणि इतकी खूश झाले की ते पंचपाळं आहे हेच विसरले. माझ्या लेखी ती आता लिपस्टिकची डबी.

आत्या आल्या. आल्या आल्या पोरीला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "वाळलीया." पोरगी बारा किलोची.

तिसऱ्या दिवशी यांच्या सुभेदार साहेबांच्या बायको आणि शेजारची नगरची वहिनी आत्यांना भेटायला आल्या. सुभेदारीण म्हणजे मोठं प्रस्थ, बसली तरी सोफ्याला सावधान उभं राहावंसं वाटेल. चहा झाला. उठताना आत्या म्हणाल्या, "थांबा, कुंकू लावते," आणि मी कप ठेवून येईपर्यंत स्वतःच उठून फळीवरचं पंचपाळं घेऊन आल्या.

झाकण उघडलं. बोट खुपसलं. "ओलं कुंकू हाय व्हय? बरं केलंस, वाऱ्यानं उडत न्हाय." आणि सुभेदारणीच्या कपाळावर ठसठशीत मरून टिकली. मग शेजारच्या वाटीतली पिवळट केशरी, हळद म्हणून. आता बोलले तर पोरगी साताऱ्याला, नाही बोलले तर सुभेदारीण अशीच कॅन्टीनला.

सुभेदारीण नाक वर करून म्हणाली, "वास छान आहे हो. कुठलं?"

"पंढरपूरचं असंल," आत्या म्हणाल्या.

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं. जाताना दारात कानाशी म्हणाली, "यार, तो मरून मला पण दे ना." मी तिला ढकललीच बाहेर.

दार लावून मागे वळते तर आत्या ओरडल्या, "अगं रगात, पोरीच्या तोंडातनं रगात." पंचपाळं त्यांनी उघडंच खाली पलंगाशी ठेवलं होतं. पोरगी मधोमध बसून, ओठ, दात, नाक, हनुवटी सगळं लाल, आणि मजेत चाटत होती. आत्या पदरानं पुसत होत्या, तसं ते आणखी पसरत होतं, आणि त्या "डाक्टर, डाक्टर" करत होत्या.

मी रोज शिंकेला घाबरणारी बाई. त्या दिवशी नाही घाबरले, कारण आमच्या दोघींत मलाच माहीत होतं ते काय आहे. त्यांचा हात धरला, म्हणलं, "आत्या, रक्त नाही ते. लिपस्टिक आहे. पंचपाळ्यात मी लिपस्टिकी ओतल्यात." आणि सगळं सांगितलं, खोकं, कप्पा, एकोणीस, सगळं. बोलताना पोरीच्या तोंडात बोट घालून लाल गोळा काढला, खोबरेल लावलं, तोंड पुसलं. ती मला चावली, तरी कडेवर घेतलं.

आत्या पलंगावर बसल्या. "म्हंजी त्या सुभेदारणीच्या कपाळाला..."

"हो."

"आन् हळद?"

"ती पण."

मला वाटलं आता सुरू होणार. त्या हसल्या, आवाज न करता, पोट हलवून. आणि हसता हसता थांबल्या. पंचपाळं उचललं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ.

"मला कुंकूच दिसलं गं," म्हणाल्या. "आन् पोरीच्या तोंडाला रगात दिसलं. दोन वरीस झालं, असंच हाय. गावात कुणाला बोलले न्हाय." मग पंचपाळं मांडीवर ठेवलं. "आपल्या दारात इहीर हाय उघडी. हिला तिकडं नेऊन मी काय बघणार हुते? र्‍हाऊ दे पोरगी हितंच."

सून म्हणून मी म्हणायला पाहिजे होतं की असं काय बोलता, दिसतं की तुम्हाला चांगलं. नाही म्हणलं. आतनं इतकं हलकं वाटलं की माझी मलाच लाज वाटली.

"उद्या डोळे दाखवायला जाऊ, आत्या. मी येते बरोबर."

"तुला हिंदी येतं व्हय?"

"तेवढं येतं."

पोरीला कडेवरनं खाली ठेवलं नाही. ती तिचं तेलकट लाल तोंड माझ्या खांद्याला पुसत राहिली, आणि मी पुसू दिलं.