सोळाची सायकल

गुणाजी घाडीगावकरला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो सायकलवर बसलेला नव्हता. सायकल त्याच्यावर बसलेली होती.

स्थळ, डिलाईल रोडवरची लक्ष्मीदास चाळ, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांमधलं जिन्याचं वळण. मी हितेंद्रकडे निघालो होतो. हितेंद्र म्हणजे चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचा कार्यवाह आणि माझा जुना मित्र. वरून आधी एक चाक आलं. मग हँडल आलं, मग दुसरं चाक, आणि या सगळ्याच्या खाली, पृथ्वी पाठीवर घेतलेल्या कासवासारखी, एक काटक आकृती. माणूस दिसण्याआधी मला त्याची मिशी दिसली. ती दोन्ही गालांच्या बाहेर इतकी गेलेली होती की प्रथम मला ती ब्रेकची तारच वाटली.

"बाजू व्हा," मिशी म्हणाली.

बाजू व्हायला त्या जिन्याला बाजूच नाही. मी भिंतीला चिकटलो. हँडल माझ्या शर्टाच्या खिशात शिरलं, पेडल कठड्यात अडकलं आणि आम्ही तिघे, मी, तो आणि सायकल, तिथे कायमचे वास्तव्यास आलो. आम्ही किती वेळ अडकलो होतो याबद्दल चाळीत मतभेद आहेत. हितेंद्र दहा मिनिटं म्हणतो. मी एवढंच सांगतो, की जिन्यात शिरताना माझी दाढी केलेली होती आणि सुटलो तेव्हा ती करायला झालेली होती. आमच्या खाली मुलगी बघायला आलेली मंडळी खोळंबली होती. मुलगीही क्लासहून येऊन त्यांच्याच मागे अडकली. आम्ही सुटेपर्यंत त्यांची पसंती, देणंघेणं आणि कार्यालयाची तारीख इतकं सगळं जिन्यातच उरकलं होतं आणि मंडळी चहा न घेता परत गेली.

"तुम्ही किती?" अडकलेल्या अवस्थेत त्याने मला विचारलं.

"किती म्हणजे?"

"वजन ओ."

"शहाऐंशी."

"तरीच," तो म्हणाला. "माणसाने अडुसष्ट असावं."

एका पेडलात अर्धा तास गुंतलेल्या दोन माणसांमध्ये अहोजाहो टिकत नाही. उतरताना आम्ही अरेतुरेवर आलो होतो.

अडुसष्टचा उलगडा मला पुढे झाला. गुणाजीने सदतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. गिरगावापासून माहीमपर्यंतच्या इमारतींतल्या लिफ्ट त्याला नावानिशी ओळखत. लिफ्टमध्ये पाटी असते ना, सहा माणसं, चारशे आठ किलो? भागून बघा, माणशी अडुसष्ट येतात. गुणाजीच्या दृष्टीने मनुष्यजात याच मापाने घडवलेली होती आणि बाकीचे आम्ही ओव्हरलोड होतो. सगळ्या मुंबईला वर चढवणारा हा माणूस स्वतः मात्र तिसऱ्या मजल्यावर जिन्याने चढत होता, आणि त्यात काही विनोद आहे हे त्याला कधी जाणवलं नाही. किलो हा शब्द तो बोलण्यात वापरतच नसे. मनातल्या मनात जप मोजणाऱ्या भटजीसारखं त्याचं माप मनातच राही, तोंडातून फक्त आकडा बाहेर येई. भाचीच्या बारशाला जाऊन आला तर सांगे, "मुलगी छान आहे, तीनची."

निवृत्त झाल्यावर त्याने विजेवर चालणारी सायकल बनवली. जुन्या लोखंडी सायकलला मोटर लावली, स्कूटरच्या तीन बॅटऱ्या बांधल्या, आणि ती उत्तम चालली. ब्रिजचा चढ ती अशी चढे की बाजूचे टॅक्सीवाले काच खाली करून बघत. पण चाळीत सायकल ठेवायची कुठे? खाली ठेवली तर सकाळी फक्त कुलूप शिल्लक राहतं, आणि चार्जिंगचा प्लग घरात. म्हणजे रोज ती तीन मजले वर न्यायची आणि तीन मजले खाली आणायची. माझी गाठ पडली ती अशाच एका उतरणीवर.

गुणाजीचं मनोगत साधं होतं. सदतीस वर्षांत त्याने दुरुस्त केलेल्या एकाही लिफ्टवर त्याचं नाव नव्हतं, पाट्या कंपनीच्या. आता आपण बनवलेली एक तरी वस्तू आपल्या चाळीने वापरावी, एवढंच त्याला हवं होतं. पण हे असं साधेपणाने बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता. त्यामुळे मंडळाच्या सभेत, वर्गणीचा विषय चालू असताना, तो उभा राहिला आणि म्हणाला, "पुढच्या गणपतीपर्यंत या चाळीत माझी पाच गिऱ्हाइकं होतील. नाही झाली तर मिशी उतरवीन."

सभा एकदम जागी झाली. ती मिशी चाळीची मालमत्ता होती. मंडळाच्या देखाव्यात मावळे, सुभेदार, एकदा तर यमराजसुद्धा, त्याच मिशीच्या जोरावर उभे राहिले होते.

"काका, सायकल स्वस्त करा, पाच काय पन्नास जातील," हितेंद्र म्हणाला.

"स्वस्ताने काय होतं रे? लिफ्ट कधी किमतीमुळे बंद पडलीय? वजनामुळे पडते. हलकी पाहिजे."

"लोक आधी किंमत विचारतात."

"विचारतात आणि मग जिन्याकडे बघतात."

मालन, गुणाजीची बायको, मागे बायकांत बसली होती. ती म्हणाली, "हितेंद्र बरोबर सांगता हा. सवंग करा." गुणाजीने मिशीला पीळ दिला. घरच्या विरोधाची त्याला चौतीस वर्षांची सवय होती.

तरी माणूस शास्त्रशुद्ध. दुसऱ्या दिवसापासून तो चाळीत घरोघर फिरला आणि प्रत्येकाला एकच विचारलं, "गाडी एकतीसची आहे. घेणार का?" शाळेत शिकवणाऱ्या उर्मिलाबाई म्हणाल्या, "छे हो, एकतीस मला कुठली पेलायला?" केमिस्टच्या दुकानात असलेला विकास म्हणाला, "काका, पेलणार नाही." चार मजल्यांवर, ऐंशी खोल्यांत, माणसं वेगळी, पण शब्द एकच. पेलणार नाही.

गुणाजी माझ्याकडे गिरगावात मुद्दाम आला, हे सांगायला. "बघ, मी काय म्हणत होतो? ऐंशी घरं पेलणार नाही म्हणाली. किमतीचं एकानेही काढलं नाही."

मी मराठीवर पोट भरणारा माणूस. पेलणं वजनाचंही असतं आणि खर्चाचंही, हे मला त्याच क्षणी सुचायला हवं होतं. पण तो इतक्या खात्रीने बोलत होता की मीही मान डोलावली. गुणाजी बोलत असताना शंका येण्यासाठी आधी आपण अडुसष्टचं असावं लागतं.

मग वर्षभर तो सायकलचं वजन उतरवत होता. लोखंडाचा सांगाडा जाऊन अॅल्युमिनियमचा आला. तीन बॅटऱ्या जाऊन एक छोटी लिथियमची आली, हातात धरली तर पोळीच्या डब्याएवढी. मग त्याने मडगार्ड काढले, कॅरिअर काढलं, स्टँड काढलं. घंटीही काढली, तिची शंभर ग्रॅमची जबाबदारी स्वतःच्या घशावर घेतली. दर आठवड्याला कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर तो सायकल टांगून बघे. भंगारवाला दर वेळी आशेने पुढे येई आणि गुणाजी दर वेळी ती परत घेऊन जाई.

गणपतीला तीन आठवडे राहिले असताना एका दुपारी तो घामाघूम होऊन वर आला. मालन दारात तांदूळ निवडत होती.

"कितक्याची झाली आता?" तिने विचारलं.

"सोळाची."

तिचा हात तांदळात थांबला. "सोळाची? पयली एकतीसाची होती ना?"

"एकतीसाची."

"म्हणजे अर्ध्यार हाडलात."

"अर्ध्यार. तू काय समजलंस माका?"

मालनने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. उठली, आत गेली आणि ठेवणीतले बांगडे तळायला काढले. वर सोलकढी. गुणाजी जेवला आणि मनात म्हणाला, शेवटी हिला वजनाचं महत्त्व पटलं. मालन वाढत होती आणि मनात म्हणत होती, शेवटी ह्यांना किमतीचं पटलं. चौतीस वर्षांच्या संसारात त्या घरात इतकं सुखाचं जेवण झालं नव्हतं, असं पुढे दोघांनीही मला वेगवेगळं सांगितलं.

संध्याकाळपर्यंत बातमी मालनने गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचवली: सायकल सोळाची झाली. रात्र पडायच्या आत चार गिऱ्हाइकं दारात आली. उर्मिलाबाई, विकास, तळमजल्यावरची दर्शना, जिला डबे पोचवायला वाहन हवंच होतं, आणि स्वतः हितेंद्र.

"हरलो, काका," हितेंद्र म्हणाला. "सोळाची असेल तर मीसुद्धा घेतो."

"आणि पाचवी मी," मालन आतून म्हणाली. घरातल्या गिऱ्हाइकावर हितेंद्रने हरकत घेतली नाही. मिशी वाचली होती.

रविवारी सकाळी चाळीच्या चौकात कार्यक्रम. मलाही बोलावणं होतं. गुणाजीने सायकलला हार घातला, आणि हाराचं वजन जास्त वाटलं म्हणून काढला. मग एकेकाने ती उचलून बघितली. उर्मिलाबाईंनी पदर खोचून ती एका हाताने पहिल्या मजल्यापर्यंत नेली आणि परत आणली. टाळ्या पडल्या. मीही उचलली. शहाऐंशीच्या माणसालाही आपण वाहतोय ते काय, असा प्रश्न पडावा इतकी ती हलकी होती. गुणाजी बाजूला उभा राहून मिशीला पीळ देत होता.

उर्मिलाबाईंनी पर्समधून चेकबुक काढलं. "सोळा हजार. घाडीगावकर नावानेच लिहू ना?"

"सोळा हजार कसले?" गुणाजी म्हणाला.

"सायकलचे."

"सायकल बासष्ट हजारांची आहे बाई. अॅल्युमिनियम काय झाडाला लागतं?"

उर्मिलाबाईंनी पेनाला टोपण लावलं.

"तुम्ही सोळाची म्हणालात," हितेंद्र म्हणाला.

"सोळाचीच आहे. काट्यावर टांगून दाखवतो, चल."

"किलो?" विकासने विचारलं.

"मग काय मीटर?"

"म्हणजे एकतीस पण किलोच?"

"तुम्हीच सगळे म्हणालात ना, पेलणार नाही?"

"अहो काका, खर्च पेलणार नाही."

वर्षभर ज्या शब्दावर गुणाजीने सायकल सोलली होती, तो शब्द त्याला असा समोर उभा राहून भेटला. मिशीवरचा हात खाली आला. मालन जवळ आली.

"माका वाटला, चौतीस वर्सांत पयल्यांदा माझा ऐकलात."

"माका वाटला, तू माझा ऐकलंस."

ती सायकलकडे वळली. मग तिने ती उचलली. हलकेच, भाजीची पिशवी उचलावी तशी. "एकल्याक बासष्ट पेलाचे नाय," ती चौकाला उद्देशून म्हणाली, "पाच जणांक पेलतीत. रोज एकाकडे ऱ्हवांदे. उचलूक कितकीशी हा?"

साडेबारा हजारांच्या आत माणशी वाटा आला. सोळापेक्षाही कमी. पाचही जणांनी तिथेच होकार दिला. चौथ्या मजल्यावर ने, तळमजल्यावर आण, सत्यनारायणाच्या चौरंगासारखी या घरून त्या घरी फिरव. एकतीसची असती तर हे कुणी कबूल केलं नसतं.

मिशीचा वाद मात्र पेटला. हितेंद्र म्हणाला, पाच सायकली ठरल्या होत्या. गुणाजी म्हणाला, मी पाच गिऱ्हाइकं म्हणालो होतो. प्रकरण मंडळापुढे गेलं. मंडळाने निकाल दिला की सायकल एकपंचमांश खपली आहे, सबब मिशी एकपंचमांश राहील. न्हाव्याने मोजून नाकाखाली तेवढी ठेवली. पुढचे पंधरा दिवस चाळीतली लहान मुलं त्याला बघून आईला बिलगत होती आणि त्या वर्षीच्या देखाव्यात सुभेदाराला मफलर गुंडाळावा लागला.

पण ती अडीच वर्षं सायकल धावली. सोमवारी उर्मिलाबाई तिच्यावरून परळच्या शाळेत जात. मंगळवारी दर्शनाचे डबे, बुधवारी विकास, गुरुवारी हितेंद्र दादरला. शुक्रवारी मालन, पंचावन्नाव्या वर्षी सायकल शिकून, माहीमला मासे आणायला जाई, आणि गुणाजी घंटीच्या जागी मागून पायी धावत ओरडे, "बाजू व्हा." मी भेटलो की तो सिद्धान्त मांडे. "हलकी होती म्हणून वाटून घेता आली. म्हणजे वजनच खरं."

"स्वस्त पडली म्हणान घेतलव," मालन आतून म्हणे.

हा वाद मला तरी सुटणारा वाटत नाही. दोघांनाही तो सोडवायचा नव्हता.

मग चाळ पाडली. आता तिथे बावीस मजल्यांची इमारत आहे, तीन लिफ्ट आहेत, आणि लिफ्टमधून सायकल नेऊ नये अशी पाटी आहे. पाचांपैकी तिघे दुसरीकडे राहायला गेले. सायकल तळघरातल्या पार्किंगमध्ये राहिली. मागच्या जुलैत तिथे पाणी भरलं, मोटर गेली, बॅटरी गेली. गुणाजीने ती कोपऱ्यावरच्या त्याच भंगारवाल्याला दिली. त्याने काट्यावर टांगली. बॅटरी काढल्यावर तेरा किलो भरली. हलकी होती, म्हणून पैसे कमी आले.